चौतीस सह्या

दुबई-शारजाला जाऊन आले की लोक आधी सोन्याचं विचारतात. मीही सोन्याचा बाजार बघितला, नाही असं नाही. पण मी गेले होते बँकेच्या कामाला. मुलीकडे राहणं हे निमित्त, आणि तिकीट जावयांनी काढलं म्हणून जमलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की काकूंनी वाळवंटाचं वर्णन फारच थोडं केलं.

मी चौथी शिकलेली बाई. आमच्या खाडीकाठच्या गावात एक छोटी सहकारी बँक होती, तिची मी तीस वर्षं पिग्मी गोळा केली. रोज दारोदार फिरायचं, रुपया-दोन रुपये घ्यायचे, पावती द्यायची. पुढचं सगळं शिक्षण माझं त्या पावतीपुस्तकांवर झालं. गावात मला कुणी नावानं ओळखत नाही, बँकवाली काकी म्हणतात. ती बँक मुंबईच्या एका मोठ्या बँकेत विलीन करायचं घाटत होतं. त्या वर्षांत लहान बँका मोठ्या बँकांत घालायची साथच आली होती. वरून पत्र आलं की ठरलेल्या तारखेच्या आत पुरेशा सभासदांनी लेखी हरकत घेतली तर विलीनीकरण थांबेल. गावातल्या हरकती जमल्या, वीस कमी पडल्या. आणि आमचे उरलेले सभासद होते आखातात. साइटवर काम करणारी आमच्याच वाड्यांतली माणसं.

मॅनेजर म्हणाले, "काकू, तुम्ही मुलीकडे जाताच आहात, तर हरकतीचे अर्ज घेऊन जा. त्यांना तुम्हीच ओळखता."

खरंच ओळखत होते. ही माणसं आखातात निघाली तेव्हा त्यांची खाती मी उघडली होती, त्यांच्या आयांच्या ओटीवर बसून. बहुतेकांना सही येत नव्हती. मग अंगठा धरायचा, पॅडवर फिरवायचा, नमुना कार्डावर अलगद टेकवायचा. जोर दिला तर डाग पडतो, कमी दिला तर रेषा उमटत नाहीत. ते सगळे अंगठे माझ्या हातातून गेलेत. म्हणून जाताना मी आठवणीनं निळ्या शाईचा पत्र्याचा पॅड पर्समध्ये टाकला.

शारजा, अल नहदा

विमानतळावर कस्टमच्या माणसानं माझी पर्स उघडली. कोकम, बोंबील, मेतकूट बघून काही बोलला नाही. पॅडवर मात्र अडला. झाकण उघडून त्यानं स्वतःचाच अंगठा आत दाबला, निळा झाला, मग माझ्याकडे बघून हसायला लागला. "खलास, खलास, जाओ अम्मा!" पांढऱ्याशुभ्र झग्यावर डाग पडू नये म्हणून हात लांब धरून बसला होता बिचारा. म्हटलं, शकुन चांगला झाला.

माझी नीलिमा अल नहदात अकराव्या मजल्यावर राहते. खिडकीतून बघाल तर इमारती, इमारतींच्या मागे अर्ध्या इमारती, आणि मध्येच एखादा वाळूचा तुकडा, राहून गेलेला. समोरच्या रस्त्यापलीकडे दुबई. सकाळी तिकडे जाणाऱ्या गाड्यांची मुंग्यांसारखी रांग. पाण्याची बाटली एक दिरम. एक दिरम म्हणजे तेरा रुपये! मी पहिले चार दिवस प्रत्येक घोट तेरानं गुणून प्यायले. मासळीबाजारात सुरमई चकचकीत, पण विकणारी बाई नाही, सगळे पुरुष. घासाघीस करायची तर कुणाशी? मी हिंदीत भाव पाडला तर विकणारा केरळचा निघाला. त्यानं भाव काही पाडला नाही, वर मला दोन लिंबं दिली.

नात सई नऊ वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते.

"सई, तुझ्या गल्ल्यात किती जमले?"

"आजी, आय हॅव अ कार्ड."

गल्लाच नाही म्हणे.

जावई विनायकराव इंजिनिअर आहेत, शांत माणूस. त्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आई, शुक्रवारी सुट्टी असते त्यांची. मी नेतो तुम्हाला कॅम्पवर."

कॅम्प होता सोनापूरला. नाव ऐकून मी चपापले. आमच्याकडे मुंबईला सोनापूर म्हणजे मसण. विनायकराव म्हणाले, इथं तसं काही नाही, कामगारांची वस्ती आहे.

सोनापूर, शुक्रवार

लांबलचक दुमजली चाळीसारख्या खोल्या, कठड्यावर निळे-खाकी डगले वाळत घातलेले, प्रत्येक दाराशी चपलांचा ढीग. एका खोलीत आठ जण, खाटांवर खाटा. खाटेला पडदा लावलेला, कुणाच्या पडद्याला नऊवारी साडीच्या किनारीचं कापड. ते बघून मला काय झालं ते लिहिता येत नाही. एवढ्या लांब येऊन माणसानं साडीच्या पडद्याआड झोपायचं.

"काकी? तुमी? हंय?"

सखाराम घाडी. याचा अंगठा मी धरला तेव्हा हा एकोणीस वर्षांचा होता. आता कानापाशी केस पांढरे. त्यानं वाकून नमस्कार केला आणि गल्लीत आरोळी ठोकली, "अरे, बँकवाली काकी इली रे!" पाच मिनिटांत खोली भरली. मला एका खाटेवर बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला.

"बरी असात मा?"

"बरी आहे रे. तू असा वाळलास का?"

"वाळाक नाय काकी, भाजलंय," म्हणाला, आणि सगळे हसले.

जेवल्याशिवाय सोडेनात. वरण, भात, तव्यावर भाजलेले बोंबील, आणि मी नेलेल्या कोकमाची सोलकढी, ताज्या नारळाऐवजी डब्यातल्या नारळाच्या दुधात केलेली. चव काही तितकी जमली नव्हती, पण पातेलं चाटून पुसून खाल्लं. मग मी काम सांगितलं. बँक जाणार आहे म्हटल्यावर सगळे खाटांच्या कडेला पुढे सरकून बसले.

त्यांच्या दृष्टीनं बँक म्हणजे निळं दार. पाटी वाचता येत नव्हती, म्हणून घरच्यांना सांगताना निळ्या दाराची बँक असंच म्हणायचे. पहिला ड्राफ्ट त्या दारातून आत गेला, त्यावर बहिणीचं लग्न झालं, कौलं बदलली. एक जण आईची आठवण काढून म्हणाला, "काकी, माझी आवस आजारी पडली तेव्हा मॅनेजरान घराकडे माणूस पाठवल्यान हुतो पैसे घेवन. मुंबयची बँक पाठवतली?"

मी अर्ज काढले, पर्समधून पॅड काढला. तर सखाराम पुढे आला आणि माझ्या हातातलं झाकण परत बसवलं.

"तो पॅड भितर ठेवा, काकी. माका सही येता आता."

साताऱ्याचा एक सुतार त्यांच्यात होता. तो दर शुक्रवारी सगळ्यांना अक्षरं शिकवायचा. आधी नाव, मग बाराखडी, मग पत्र. दोन वर्षं चाललं होतं. सखारामनं अर्ज खाटेच्या फळीवर ठेवला, जीभ दातात धरली आणि हळूहळू लिहिलं: सखाराम बाबू घाडी. घाडीतल्या 'ड'ला इतका जोर दिला की कागद फाटतो की काय वाटलं. मग दुसरा पुढे आला, मग तिसरा. एकमेकांची चेष्टा करत होते. "अरे, तुझो 'म' बग, घोरपडीसारखो!" "तुझ्या बापाशीक तरी 'म' इलो हुतो काय?"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी म्हटलं, "करा रे, करा. अंगठा नको, सहीच करा सगळ्यांनी." आपल्या तोंडानं म्हटलं.

चौतीस सह्या झाल्या. हव्या होत्या वीस.

दुबईची खाडी

त्या आठवड्यात मी फार सुखात होते. नीलिमानं मला खाडीवरच्या छोट्या बोटीत बसवलं. उघडी बोट, मध्ये फळी, पाठीला पाठ लावून माणसं बसतात. आमच्या खाडी ओलांडायच्या तरीसारखीच, फक्त हिला इंजिन. उतरताना माझी एक चप्पल पाण्यात गेली आणि एका पठाणानं ती काठीनं काढून दिली.

त्या पाण्याकडे बघून मी सईला आमच्या बँकेची गोष्ट सांगितली. एक वैद्य, एक शाळामास्तर आणि एक सुंभाचा व्यापारी असे तिघे देवळात बसले आणि ठरवलं की गावाचा पैसा गावात राहावा. व्यापाऱ्याच्या मागच्या खोलीत, नारळांच्या ढिगाशेजारी बँक सुरू झाली. तिजोरी मुंबईहून गलबतानं आली. धक्क्यावर उतरवताना होडी कलली, तिजोरी चिखलात रुतली. सगळं गाव दोर लावून ओढायला आलं. भरती यायच्या आत काढायची होती. काढली. तिच्या तळाला तो चिखल पुढे कित्येक वर्षं होता, कुणी खरवडला नाही. पुढे तुमच्या या वाळवंटातून ड्राफ्ट यायला लागले तेव्हा वरचा मजला चढला.

सई म्हणाली, "सो इट्स लाइक अ पायरेट स्टोरी?"

म्हटलं, हो बाई, तसंच.

पावलोंच्या घरी

पुढच्या शुक्रवारी विनायकरावांच्या ऑफिसातले एक वयस्क इंजिनिअर, पावलो म्हणून, इटलीचे, त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. एकटेच राहतात. शेवयांसारखं काहीतरी टोमॅटोत केलं होतं, वर चीज. मी शाकाहारी नाही, पण म्हटलं आधी विचारावं. ते म्हणाले, "फक्त टोमॅटो, सिन्योरा, माझ्या आईची शपथ." विनायकराव मध्ये बसून मराठीत सांगत होते.

मी बँकेच्या कामाला आले हे कळल्यावर पावलो उठले आणि कपाटातून एक लोखंडी डबा घेऊन आले. वीतभर लांब, वर पैसे टाकायची चीर, खाली कुलूप. म्हणाले, आमच्या डोंगरातल्या गावातही अशीच बचत बँक होती. माझे वडील तिथं कारकून. ही बँक म्हणे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी एक पाद्री, एक डॉक्टर आणि एक जमीनदार यांनी सुरू केली, चर्चच्या एका खोलीत.

"आमच्याकडे देऊळ!" मी ओरडलेच.

पैशाच्या पेटीला तीन कुलुपं, तीन किल्ल्या तिघांकडे, एकट्याला उघडता येऊ नये म्हणून. हा डबा बँक लहान मुलांना द्यायची, पण किल्ली बँकेतच. डबा भरला की बापाचं बोट धरून बँकेत जायचं, कारकून उघडणार, मोजणार, वहीत लिहिणार. दुष्काळात बँकेनं बियाण्याला पैसे दिले, लढाईत छप्पर उडालं तर कारकून वह्या घरी घेऊन गेले. आणि मग दहा वर्षांपूर्वी शहरातल्या बँकेनं ती घेतली, त्या बँकेला आणखी मोठीनं. सगळे म्हणाले, बँक तीच आहे, फक्त नाव बदललं. आता तिथं दोन दिवस दार उघडतं, आतला माणूस गावातला नाही.

"किल्ली कुठाय?" मी विचारलं.

त्यांनी डबा हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. "लहानपणीचे पैसे. किल्ली बँकेबरोबर गेली. तोडवत नाही."

मग वातावरण हलकं करावं म्हणून त्यांनी वडिलांची गंमत सांगितली. तिकडच्या शेतकऱ्यांना सही यायची नाही, ते फुली मारायचे. वडील प्रत्येकाची फुली ओळखायचे. एक मेंढपाळ सैन्यात गेला, तिकडे लिहायला शिकला, परत येऊन ऐटीत नाव लिहून पैसे मागायला लागला. वडील म्हणाले, "या नावाला मी ओळखत नाही. मी तुझ्या फुलीला ओळखतो." शेवटी त्यानं हसत हसत फुली मारली तेव्हा पैसे मिळाले.

पावलो हसले, विनायकराव हसले. मी पण हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

चौतीस अर्ज माझ्या पर्समध्ये होते. चौतीसांवर सह्या. आणि त्या चौतीसांची कार्डं गावच्या बँकेत, त्यांवर अंगठे. माझ्याच हातानं घेतलेले.

तीस वर्षं मी हेच तर तपासलं होतं. कार्डाशी जुळलं नाही की परत. नवं कार्ड करायचं तर सभासद स्वतः बँकेत हजर हवा. हा नियम मी बँकेतल्या नव्या पोरांना पढवायची. पॅड काय मी शोभेला नेला होता?

घरी येऊन गावाला फोन लावला. मॅनेजरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काकू, वरचा अधिकारी प्रत्येक हरकत कार्डाशी ताडून बघणार आहे. तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना हे."

"अंगठे आणते," म्हटलं, आणि फोन ठेवला.

अबुधाबीच्या वाटेवर

सोनापूरला चौकशी केली तर त्यांची टोळी अबुधाबीच्या पलीकडे नव्या साइटवर हलवलेली. काही जण आणखी कुठे पांगलेले. माझं परतीचं विमान शनिवारी. विनायकरावांनी गुरुवारची रजा काढली. असा जावई मिळायला भाग्य लागतं.

दोन तासांचा रस्ता. मधोमध खजुराची झाडं, प्रत्येकाच्या बुंध्याशी पाण्याची काळी नळी. माणसाला सलाइन लावावी तशी ती झाडं उभी. बाजूला वाळू, तारेच्या कुंपणामागे उंट. चहाला थांबलो, दाट गोड, वेलदोड्याचा. किती दिरम हे मी त्या दिवशी विचारलंसुद्धा नाही.

साइटवर जेवणाची सुट्टी होती. विनायकरावांच्या ओळखीच्या फोरमननं मला पत्र्याच्या सावलीत बसवलं. आमची तेवीस माणसं तिथं होती. डबे उघडून बसली होती. मी सगळं सांगितलं. माझी चूक म्हणून सांगितलं, काही लपवलं नाही. पॅड उघडून फळीवर ठेवला.

वयानं मोठे होते ते उठले. एकेकानं येऊन अंगठा दिला. मी धरला, फिरवला, टेकवला. सिमेंटनं बोटांच्या रेषा झिजलेल्या, दोन-दोनदा घ्यावा लागत होता. असे चौदा झाले. मग थांबलं.

सखाराम डब्यापाशीच बसून होता. त्याच्याबरोबर आठ जण.

"सखा, ये रे."

तो उठून आला, पण हात पाठीमागे. "काकी, हंय पगाराक दोन लायनी आसत. सहीवाल्यांची एक, आंगठेवाल्यांची एक. आंगठो दिलो काय तो निळो हात बगून फोरमन हाक मारता, ए अंगूठा. धा वर्सां ती हाक ऐकलंय. गेल्या सालाक मी लायन बदललंय."

पाठीमागचा हात पुढे घेऊन त्यानं लिहिल्यासारखा हवेत फिरवला.

"बायकोक मीच पत्र लिवतंय आता. तिका कोणाकडे वाचून घेवक जावचा लागना नाय, ती पण शिकता. काकी, तुमी सांगशात तां करीन. ह्यां मातर सांगू नकात."

सहा कमी होते. सहाच. त्या आठांतले पाच आणि हा, एवढे आले असते तर आमची बँक राहिली असती. आणि मला ठाऊक होतं की मी म्हटलं तर तो अंगठा देईल. त्याच्या आईच्या आजारपणात रात्रंदिवस मी तिच्या उशाशी होते, ते एक वाक्य काढलं असतं तर पुरे होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. वैद्य, मास्तर, सुंभवाला, चिखलातली तिजोरी, सगळे माझ्या मागे उभे होते, असं वाटत होतं.

त्याच्या अंगठ्याकडे मी बघितलं. स्वच्छ होता. नखात फक्त सिमेंट.

मी पॅडचं झाकण लावलं.

"जेवून घे," म्हटलं. "डबा गार होतोय."

गाडीत बसल्यावर विनायकराव म्हणाले, "आई, अजून कुणाला शोधायचं का?" मी नाही म्हटलं. त्या रस्त्यात खजुराची झाडं होती की नव्हती, मला आठवत नाही.

परत गावी

बाकीचं थोडक्यात सांगते. माझ्याकडून अंगठ्यांचे चौदा अर्ज गेले, बाकी सह्यांचे वीसही मी दिले, एखादा डोळेझाक करेल म्हणून. अधिकारी सज्जन होता. प्रत्येक कार्ड काढून बघितलं, आणि वीस अर्ज बाजूला ठेवले. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

चेअरमन मला बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. गावात लोक म्हणतात, नशीब. नशीब कसलं! पॅड माझ्या पर्समध्ये होता.

नव्या बँकेनं पाटी बदलली, दार तेच ठेवलं, निळं. त्यामुळे म्हाताऱ्या बायका अजून तशाच येतात, निळ्या दारातून आत जातात, आणि आतल्या मुलीला विचारतात, काकी खंय असत? तिजोरी भंगारात दिली. तळाचा चिखल तेव्हा पडला म्हणे, मी बघायला गेले नाही.

शिमग्याला सखाराम सुट्टीवर आला. मी बाजारात भाजी घेत होते, तो समोरून बँकेकडे चालला होता, पिशवी घेऊन. बायको बरोबर. दाराशी पोचला आणि पायरीवर थांबला. मान वर करून बघत राहिला. मग बायकोला पाटी दाखवून बोटानं एकेक अक्षर वाचायला लागला. ती पण ओठ हलवत होती.

वाचून झालं तसा तो वळला. मी दिसले त्याला.

"काकी," तो म्हणाला, "ह्यां आपल्या बँकेचा नाव नाय."